चंदन लावायचंय? आधी गाभ्याचं बोला

कारेगावात आमच्या वरच्या बांधावर चंदन आपोआप आलेलं आहे. पाखरांनी फळं खायची, बी टाकायचं, कडुनिंबाच्या नाहीतर बाभळीच्या आडोशाला रोप उगवायचं. जुन्या माणसांनी त्याच्याकडे उत्पन्न म्हणून कधी पाहिलं नाही. आता रोपं विकणारे घरापर्यंत येतात, एकरी कोटीचा हिशोब वहीत मांडून दाखवतात. म्हणून आमच्या बांधावर काय घडलं ते सांगतो.

पावसाळ्यात एका रात्री चोरांनी दोन झाडं कापली. एक मुरमाड बांधावरचं, दुसरं उसाच्या पाटालगतचं. पाटाजवळचं झाड चांगलं जाड आणि हिरवंगार होतं. सकाळी बुंधे पाहिले. मुरमातल्या बुंध्यात मनगटाएवढा पिवळट तपकिरी गाभा. नखानं खरवडलं तर वास दुपारपर्यंत बोटाला राहिला. पाटाजवळच्या बुंध्यात मधोमध करंगळीएवढा गाभा, बाकी सगळं पांढरं लाकूड, आणि त्या पांढऱ्याला वास नाहीच. तो ओंडका चोरांनी तिथंच टाकला होता.

अत्तरवाल्याला हवा असतो तो फक्त गाभा. कनौजला अत्तर गाळायच्या देग-भपक्यात गुलाब, केवडा उतरवतात तो पूर्वापार चंदनाच्याच तेलात, कारण ते दुसऱ्याचा वास धरून ठेवतं. तेलाची प्रत ठरते त्यातल्या सँटॅलॉल या सुगंधी घटकावरून. चांगल्या तेलात ते 90 टक्क्यांच्या आसपास लागतं. गाभा धरायला साधारण दहा वर्षं जातात, आणि तेल भरायला त्यानंतर आणखी बरीच. त्यामुळे दोन वर्षांच्या रोपाकडे पाहून तुमच्या रानात किती किलो गाभा निघेल, हे कुणालाच सांगता येत नाही. जो सांगतो त्याला विचारा, तुम्ही लावलेलं कापणीला आलेलं झाड कुठं आहे? ते बघायला जा. आमच्याकडे आलेल्या माणसाला हे विचारलं, तो परत आला नाही.

ऊदाची, म्हणजे अगरूची, रोपं कुणी गळ्यात मारत असेल तर तिथंही हेच. आसामातल्या अगरूच्या निरोगी झाडाचं लाकूड पांढरं आणि बिनवासाचं असतं. जखम होऊन बुरशी शिरली तरच आत काळी राळ धरते.

चंदन एकटं जगत नाही. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून त्यातून पाणी आणि अन्नद्रव्यं ओढतात. म्हणून पिशवीतल्या रोपाबरोबर जोडीचं रोप आहे का ते बघा, रानात लावताना जवळ तूर पेरा, आणि पुढच्या वर्षांसाठी करंज, सुरू, शेवगा असं टिकणारं झाड आधीच लावून ठेवा. जोडीदार नसलेली रोपं पिवळी पडून जातात, मग माणूस खतावर पैसे घालत बसतो. घोड नदीकाठच्या काळ्या, पाणी धरणाऱ्या रानात तर लावूच नका. निचऱ्याचा मुरूमच बरा. पानं नीट बघून घ्या. चंदनाला साधी, समोरासमोर पानं असतात. एका देठावर तीन गोल पानं दिसली तर ते बहुधा रक्तचंदन. ते वेगळं झाड, त्याच्या लाकडात रंग आहे, चंदनाचा सुगंध नाही.

झाडाची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या. झाड तुमच्या बांधावरचं असलं तरी चंदन 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे; तोडायला वनखात्याची परवानगी लागते आणि माल हलवायला वाहतूक परवाना. नोंद नसेल तर कागदोपत्री तुमचं झाडच नाही, मग चोरी कशाची सांगणार?

गाभा धरायला लागला की राखण सुरू करा. खोडाला गिरमिटाचं बारीक भोक दिसलं तर समजा, कुणीतरी बघून गेलंय. चोरी झालीच तर बुंध्याला हात लावण्याआधी फोटो काढा, पोलिसांत तक्रार द्या, वनरक्षकाला बोलावून पंचनामा करून घ्या. चोर घाईत मुळं सोडून जातात, आणि तेल मुळांतही भरपूर असतं. ती खणायची परवानगीही वनखात्याकडे मागून ठेवा.