कंपनी नको, जहाज विचारा

क्रूझला जायचं ठरलं की आपल्याकडे पहिला प्रश्न हमखास येतो, कुठली कंपनी चांगली? रॉयल कॅरेबियन की नॉर्वेजियन, एमएससी की आणखी कुठली, सिंगापूरला जाऊन बसायचं की मुंबईहूनच? जेवणाखाण्याच्या बाबतीत या प्रश्नाला थोडंफार उत्तर देता येतं. करमणुकीच्या बाबतीत मात्र तो उपयोगाचा नाही. नाटक, नाच, बर्फावरचं स्केटिंग, पाण्यातल्या कसरती हे सगळं जहाजागणिक वेगळं असतं, आणि एकाच जहाजावर यंदा जे आहे ते पुढच्या वर्षी राहीलच असंही नाही. हे मी ठासून सांगते, कारण माझ्या सासूबाईंच्या वाट्याला आलेली निराशा मी शेजारी बसून पाहिली आहे.

सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून भूमध्य समुद्रातली आठवड्याची सफर ठरवली. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, नाटकवेड्या. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात कुठल्या रांगेतून नेपथ्य पूर्ण दिसतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. सहलीची माहिती द्यायला घरी आलेल्या माणसाने रंगीत पत्रक पुढ्यात ठेवलं. त्यात तीन मजली उंच थिएटर होतं, छतापासून सोडलेल्या रेशमी पट्ट्यांवर झुलणारे कलाकार होते. आई चष्मा लावून ते पुन्हा पुन्हा बघत होत्या. मी स्पष्ट विचारलं, ‘‘हे सगळं आमच्या बोटीवर आहे ना?’’ उत्तर आलं, ‘‘मॅडम, कंपनी तीच आहे.’’

गोम त्या उत्तरातच होती. पत्रकातलं जहाज नवं, आम्हाला मिळालेलं बरंच जुनं. तिथलं थिएटर म्हणजे बुटक्या छताचं एक लांबट दालन आणि मधेमधे जाडजूड खांब. माणूस हवेत झुलवायला लागते तेवढी उंचीच नव्हती. पहिल्या रात्री जेवण आटोपून पोचलो तोवर पुढच्या खुर्च्या भरल्या होत्या, आणि आईंना जागा मिळाली ती खांबाआड. गाणारे-नाचणारे कलाकार मनापासून मेहनत करत होते, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. पण उभा जन्म नाटक बघितलेली बाई मान तिरकी करून अर्धाच रंगमंच बघत होती आणि मधल्या इंग्रजी गप्पांवर आजूबाजूचे हसले की आमच्या तोंडाकडे बघत होती, हे मला फार लागलं. रिसेप्शनवर तक्रार केली तर त्यांनी जहाजाचा नकाशा समोर ठेवला. यात जे दाखवलंय ते सगळं इथे आहे, म्हणाले. त्यांचं म्हणणं खरं होतं. फक्त तो नकाशा आम्हाला ठाण्यात, पैसे भरण्याआधी कुणी दाखवला नव्हता.

तेव्हापासून ओळखीचं कुणीही क्रूझला निघालं की मी आधी सांगते, जहाजाचं नाव लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर घ्या, ईमेलवर घ्या, पण घ्या. नाव हाती आलं की ते कुठल्या साली बांधलं ते बघा आणि त्याचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यामजल्याचा नकाशा, उघडा. तो कंपनीच्या साइटवर फुकट मिळतो. थिएटर एक मजली आहे की दोन-तीन मजली, खांब कुठे आहेत, मोठ्या थिएटरखेरीज आणखी किती छोटी स्टेजं आहेत, हे त्यात दिसतं.

एकाच कंपनीत केवढा फरक असतो, ते रॉयल कॅरेबियनवरून चांगलं कळतं. तिचं ‘ग्रँजर ऑफ द सीज’ १९९६ चं. त्यावर बर्फाची रिंक नाही. समुद्रावर बर्फाची रिंक आली ती १९९९ च्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर. पुढे २००९ मध्ये ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’ आलं आणि त्याच्या मागच्या टोकाला उघड्यावर अ‍ॅक्वाथिएटर बांधलं. खोल तलावात उंचावरून सूर मारणारे डायव्हर, दोरीवरून चालणारे कसरतपटू, सगळं तिथे. यूट्यूबवर क्रूझ म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यातले बरेच याच जातीच्या जहाजांचे असतात. ते बघून आपली माणसं सिंगापूरहून सुटणारी सफर घेतात. मधे काही काळ तिथून सुटणारं ‘स्पेक्ट्रम ऑफ द सीज’ हे क्वांटम जातीचं. त्यावर अ‍ॅक्वाथिएटर नाही, बर्फाची रिंकही नाही.

पण त्याच्यावर जे आहे ते पाहण्यासारखं आहे, आणि नेमकं तेच पत्रकात कोपऱ्यात छापलेलं असतं. जहाजाच्या मागच्या बाजूला ‘टू सेव्हंटी’ नावाचं दालन आहे. दिवसा तिथे उंच काचांमधून समुद्र दिसतो. संध्याकाळी पडदे खाली येतात आणि त्या अख्ख्या भिंतीवर चित्रं हलू लागतात. वर यंत्रमानवाच्या हातांना बसवलेले मोठे स्क्रीन असतात. ते वळतात, तिरके होतात, नाचणाऱ्यांच्या तालावर खाली झुकतात. भाषेची काही अडचण येत नाही. इंग्रजी न येणाऱ्या आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी पाण्यातल्या उड्यांसाठी हळहळत बसण्यापेक्षा याची जागा आधी पकडावी.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे कुणी विचारातच घेत नाही. कार्निव्हलच्या जहाजांवर ‘पंचलायनर’ नावाचा कॉमेडी क्लब असतो. अमेरिकी प्रेक्षकांना तो फार आवडतो. संध्याकाळचे लवकरचे खेळ कुटुंबासाठी आणि रात्री उशिराचे फक्त मोठ्यांसाठी, अशी तिथे वाटणी असते. मुलं बरोबर असतील तर ती वेळ बघूनच आत शिरा. पण अमेरिकी राजकारणावरचे आणि तिथल्या सासरच्या मंडळींवरचे विनोद आपल्या पंच्याहत्तरीच्या माणसाला कळणार कसे? त्या मानाने एमएससीवर अनेक देशांचे, अनेक भाषांचे प्रवासी असतात. म्हणून तिथल्या खेळांत बोलणं कमी आणि गाणं, नाच, कसरत जास्त. घरच्या मोठ्या माणसांसाठी मी डोळे मिटून तसलं जहाज निवडेन.

एमएससीचंच आणखी एक उदाहरण आहे. २०१७ मध्ये ‘मेराव्हिग्लिया’ आलं तेव्हा जगप्रसिद्ध ‘सर्क द्यू सोलेय’चे खेळ त्यावर होते, आणि त्यांच्यासाठी खास गोल दालन बांधलं होतं. करोनाच्या काळात ते खेळ थांबले. दालन राहिलं, कार्यक्रम बदलले. जुन्या लेखात वाचून कुणी आज सर्कशीसाठी ते जहाज घेतलं तर पदरी काय पडेल? म्हणून जहाजाच्या नावापाठोपाठ दुसरा प्रश्न विचारायचा: आमच्या तारखेला कुठले शो आहेत? आपण मराठी माणसं नाटकाची जाहिरात बघताना तारीख, वेळ आणि नाट्यगृह बघूनच तिकीट काढतो. क्रूझलाही तोच डोळा लावायचा. सफरीच्या आधी काही आठवडे कंपनीच्या अ‍ॅपवर बहुधा शोची नावं दिसू लागतात. न दिसली तर एजंटला विचारायला लावा, तो त्याच्या कामाचाच भाग आहे.

ब्रॉडवेची नाटकं बघायची हौस असेल तर रॉयल कॅरेबियनच्या मोठ्या जहाजांकडे आणि नॉर्वेजियनकडे बघावं. ‘हेअरस्प्रे’, ‘मामा मिया’, ‘ग्रीस’ हे रॉयल कॅरेबियनने समुद्रावर आणले, नॉर्वेजियनने ‘रॉक ऑफ एजेस’ आणि ‘जर्सी बॉइज’ आणले. बोटीवरचे प्रयोग बरेचदा छोटे करून, दीडेक तासात बसवलेले असतात, तरी गायक-नर्तक कसलेले असतात. डिस्नेच्या जहाजांवर ‘फ्रोझन’सारखी संगीतिका आणि भर समुद्रात आतषबाजी असते आणि कॅसिनो नसतो, त्यामुळे लहान मुलांच्या आईबापांचा जीव भांड्यात पडतो. वायकिंगच्या समुद्री जहाजांवरही कॅसिनो नाही, आणि अठरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. तिथे इतिहासावरची व्याख्यानं आणि शांत संगीत ऐकायला लोक जातात.

क्यूनार्डच्या ‘क्वीन मेरी २’बद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ते आपल्या लोकांच्या यादीत सहसा नसतं. २००४ मध्ये सुरू झालेलं हे जहाज साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला साधारण सात रात्रींत जातं आणि एरवी मधे बंदर नसतं. सात दिवस फक्त पाणी. त्यावर तारांगण आहे, म्हणजे समुद्रावरून जाताना घुमटाखाली बसून ग्रहताऱ्यांची माहिती ऐकायची. भलं मोठं ग्रंथालय आहे, रोज व्याख्यानं आहेत, संध्याकाळी बॉलरूममध्ये वाद्यवृंदावर जोडीने नृत्य आहे. व्याख्यानमालांवर वाढलेल्या पुण्यामुंबईच्या निवृत्त मंडळींना हे जहाज मनापासून आवडेल असं मला वाटतं. इंग्रजी ऐकण्याची सवय आणि संध्याकाळी नीट कपडे करण्याची तयारी मात्र हवी.

मुंबईहून निघणाऱ्यांचा हिशेब वेगळा. २०२१ पासून मुंबईहून धावू लागलेलं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ हे मुळात १९९० चं ‘नॉर्डिक एम्प्रेस’. त्याआधी २०१९ मध्ये आलेलं जालेशचं ‘कर्णिका’ हेही १९९० चंच, आणि ती कंपनी वर्षा-दीड वर्षातच बंद पडली. त्या काळात बांधलेल्या जहाजावर पाण्यातले खेळ किंवा बर्फाची रिंक शोधायची नाही. तिथे आपल्या हाती येते ती आपली भाषा. हिंदी गाणी, बॉलिवूडचे नाच, कळणारे विनोद, आणि सगळ्या वयाची माणसं एकत्र उठून नाचतील असं वातावरण. गोव्याच्या दोन-तीन रात्रींच्या फेरीला एवढं पुष्कळ आहे. फक्त कुठला शो भाड्यात धरलेला आहे आणि कुठल्याचं तिकीट वेगळं, हे आधी विचारून ठेवावं. हे कुठल्याही कंपनीला लागू आहे. बिंगो, एस्केप रूम, काही ठिकाणी जेवणासह असलेले खास कार्यक्रम यांचे पैसे बहुधा वेगळे पडतात.

आता जागेविषयी. मोठ्या जहाजावर पाच हजारांहून जास्त प्रवासी असतात आणि थिएटरमध्ये त्यांतले थोडेच मावतात. म्हणून मोठ्या शोचं आरक्षण अ‍ॅपवरून करावं लागतं, पैसे पडत नसले तरी. ते खुलं झालं की त्याच दिवशी घरातल्या एखाद्या तरुण मुलाला बसवा आणि सगळ्यांच्या नावाने करून घ्या. जागा नाहीच मिळाली तरी निराश होऊ नका. खेळाच्या काही मिनिटं आधी रिकाम्या खुर्च्या रांगेतल्या लोकांना देतात, तेव्हा अर्धा-पाऊण तास आधी जाऊन उभं राहावं. पुष्कळ जहाजांचं मुख्य थिएटर पुढच्या टोकाकडे असतं आणि तिथे हेलकावे जास्त जाणवतात. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावर, दाराजवळची खुर्ची धरावी.

उघड्यावरचे खेळ वाऱ्यावर अवलंबून. जोराचा वारा सुटला की उंचावरून सूर मारणं थांबवतात, जहाज जास्त डोलायला लागलं की बर्फावरचं स्केटिंगही. कलाकारांच्या जिवाचा प्रश्न असतो, आपण मुकाट्याने मान्य करावं. म्हणून असले खेळ शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांतलं आरक्षण घ्या, रद्द झालं तर पुढची तारीख मिळण्याची आशा राहते. २०२४ च्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर हे पाण्याचं थिएटर काचेच्या घुमटाखाली घेतलंय, त्यामुळे तिथे वाऱ्यापावसाची धास्ती कमी.

जेवणाची वेळही सांभाळायची. शाकाहारी, जैन किंवा बिनकांद्या-लसणाचं जेवण मुख्य डायनिंगमध्ये वेगळं बनवून येतं आणि त्याला वेळ लागतो. बसल्या बसल्या वेटरला सांगा, आम्हाला अमुक वाजता शोला जायचंय. चांगले वेटर ते लक्षात ठेवून पानं पुढे आणतात. आमच्या पहिल्या रात्रीचा खांब निम्मा या उशिरामुळे नशिबी आला होता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही लवकरच्या पंक्तीला बसू लागलो आणि आईंना मधल्या रांगेत जागा मिळू लागली.

भूमध्य समुद्रातल्या सफरींबद्दल एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. तिथे जवळजवळ रोज नवं बंदर. सकाळी लवकर उठून बस, दिवसभर दगडी रस्त्यांवर चालणं, संध्याकाळी परत. सत्तरीपुढची माणसं आठ वाजता पेंगायला लागतात. अशा सफरीवर भारी शोंसाठी जास्तीचे पैसे मोजून नवं जहाज घेण्यात अर्थ नाही. ज्या मार्गावर दोन-तीन दिवस नुसतं समुद्रात जायचंय, तिथे करमणुकीवर खर्च करा.

आणि छोटी स्टेजं विसरू नका. आमच्या त्या जुन्या जहाजावर मधल्या चौकात जिन्याखाली व्हायोलिन, चेलो आणि पियानो वाजवणारे तिघे रोज संध्याकाळी बसत. समोर मोजकीच माणसं असत. आई तिसऱ्या दिवशी तिथे टेकल्या त्या उठेचनात. व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलीने त्यांच्याकडे बघून मान लववली, मग रोज लववू लागली. सासरे कॉफीचा कप घेऊन शेजारी बसत. मोठ्या थिएटरात जे मिळालं नाही ते त्या दोघांना इथे मिळालं. या लोकांच्या वेळा पत्रकात नसतात, रोज रात्री खोलीत येणाऱ्या किंवा अ‍ॅपवर दिसणाऱ्या दिनक्रमात बारीक अक्षरात असतात. तो कागद रात्री झोपण्यापूर्वी वाचा आणि दोन-तीन वेळांवर पेनने खुणा करा.

शेवटच्या रात्रीचं तेवढं लक्षात ठेवा. मोठ्या बॅगा त्या रात्री दाराबाहेर ठेवाव्या लागतात आणि सकाळी उतरल्यावरच मिळतात. शोला जाण्याआधीच त्या भरून टाका, म्हणजे मधेच उठून पळावं लागणार नाही. सकाळचे कपडे, औषधं आणि एक शाल हातातल्या पिशवीत ठेवा. थिएटरचा एसी फार गार असतो.