गाडी बाहेर ठेवा, मग बऱ्हाणपूर बघा

मुक्ताईनगरला पाहुणे आले की पहिला दिवस ठरलेला असतो. कोथळीला मुक्ताईचं दर्शन, मग चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम. दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतंच, "बऱ्हाणपूर इथून किती?" अंतुर्ली, इच्छापूर करत तासा-दीड तासात पोहोचता येतं. राज्याची हद्द मध्ये असली तरी आम्ही त्या शहराला परकं मानत नाही. फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशची राजधानी तीच होती.

पुण्याचे आमचे साडू आले ते यादी घेऊनच. किल्ला, जामा मशीद, कुंडी भंडारा, आहुखाना, दर्गा, गुरुद्वारा, छत्री. एका दिवसात सगळं. ऐन बाजाराच्या वेळी त्यांनी गाडी गांधी चौकाच्या गर्दीत घातली. हातगाड्या, रिक्षा आणि कापडाचे गठ्ठे वाहणारे टेम्पो, यांच्यात आमची सकाळ संपली. पुढे एका रिक्षावाल्याने "सब पॉइंट दिखा दूँगा" म्हणत आमचा ताबा घेतला. पॉइंट दाखवले खरे, मध्ये ओळखीची दुकानंही दाखवली. तापीपलीकडे जैनाबादला आहुखान्यापाशी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. मेव्हणीला वाटेत "मुमताजची कबर" असं सांगितलं होतं. ती बिचारी अंधारात कबर शोधत राहिली.

कबर तिथे नाहीच. मुमताज गेली 1631 साली, बऱ्हाणपुरात, चौदाव्या बाळंतपणात. आहुखान्याच्या बागेत तिचा देह काही महिने होता, त्याच वर्षाअखेर तो आग्र्याला नेला. हे ठाऊक असलं की तिथली पडकी इमारतही पुरते. मात्र उजेडी जा.

तेव्हापासून पाहुण्यांना मी सांगतो, यादी फाडा आणि एकेक मोहल्ला धरा. गाडी जुन्या वेशींच्या बाहेर ठेवा, आत पायी फिरा. सकाळी लवकर किल्ला. तापीच्या काठावर उभा आहे, ऊन चढलं की दगड तापतो. त्यातला हमाम चुकवू नका. छतावरचे रंग अजून टिकून आहेत. तिथून जामा मशिदीकडे या. राजा अलीखान फारुकीच्या काळातल्या या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. मान वर करून तो बघणारे पाहुणे थोडेच. शुक्रवारी दुपारी नमाजाची गर्दी असते, ती वेळ टाळा. फोटोआधी विचारा, कोणी नाही म्हणत नाही. मराठी समजणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात, "दादा, रस्ता कुठला?" एवढ्यावर काम भागतं.

आतल्या गल्ल्यांत कुठेही उभं राहा, भिंतीपलीकडून पॉवरलूमची खडखड ऐकू येते. मला विचाराल तर हे शहर किल्ल्यात कमी आणि या आवाजात जास्त आहे. भूक लागली की मावा जिलेबी खा, पण उभ्यानं, गरम. घरी नेऊन खाण्याची ती चीज नव्हे. न्यायचाच असेल तर दराबा न्या. लोधीपुऱ्यातला बोहरा समाजाचा दर्गा-ए-हकीमी म्हणजे वेगळंच जग: बाग, संगमरवर, शांतता. तिथे डोकं झाका, आवाज खाली ठेवा.

लालबाग शहराच्या दुसऱ्या टोकाला, रेल्वे स्टेशनच्या बाजूला. कुंडी भंडारा तिकडे. 1615 च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाने तो बांधवून घेतला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, शंभरावर कुंड्यांमधून, निव्वळ उताराच्या बळावर शहराकडे येतं. खाली उतरण्याची सोय कधी चालू, कधी बंद असते. आधी चौकशी करा, नाहीतर वरून विहिरीची तोंडं बघून परत यावं लागतं आणि मग लोक म्हणतात, "काय त्यात बघायचं!" दमेकऱ्याने, गुडघेदुखीवाल्याने उतरू नये.

इतिहासाची ओढ असलेल्या मराठी माणसाला मी आणखी दोन जागा सुचवतो. एक बहादूरपूर. 1681 च्या सुरुवातीला संभाजीराजांच्या फौजेनं इथली बाहेरची श्रीमंत वस्ती लुटली, बहादूरपुरा त्यातलाच. आज तिथे स्मारक वगैरे शोधू नका; जुनी वस्ती आहे, एवढंच. दुसरी, तापी-मोहना संगमावरची छत्री. पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंग 1667 साली बऱ्हाणपुरातच वारला, त्याची ती. पावसाळ्यात नदीकाठच्या या वाटांची चौकशी गावातल्या माणसाकडेच करावी, मोबाईलच्या नकाशाला पुराचं पाणी दिसत नाही.

रिक्षा करायचीच असेल तर तासावर ठरवा, पॉइंटवर नको. आणि दुकानात थांबायचं नाही, हे बसण्याआधी सांगा.