दृष्टिपटलातील व्रणवस्तू आणि शोथजनक संदेशद्रव्ये

त्वचेवरील व्रण भरून येताना व्रणवस्तू निर्माण होते व ती रुग्णाच्या हिताचीच असते. हीच प्रक्रिया दृष्टिपटलावर घडली, तर मात्र दृष्टी धोक्यात येते. तेथे निर्माण झालेला तंतुमय पडदा आकुंचन पावतो, नाजूक दृष्टिपटलाला सुरकुत्या पाडतो आणि अखेर त्यास स्थानभ्रष्ट करतो. या विकृतीमागे शोथजनक संदेशद्रव्यांचे, म्हणजेच सायटोकाइन्सचे कार्य कसे असते, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

संप्राप्ती

व्यवहारात या विकृतीची दोन प्रमुख रूपे आढळतात.

१) मधुमेहजन्य : दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेमुळे केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी नष्ट होतात, श्वेतपेशी वाहिन्यांच्या भित्तींना चिकटतात व सूक्ष्म वाहिन्या बंद पडतात. प्राणवायूच्या अभावी दृष्टिपटल 'व्हीईजीएफ' हे द्रव्य स्रवते. अशा रुग्णांच्या नेत्रद्रवात त्याचे प्रमाण वाढलेले असते, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. त्याच्या प्रभावाने ठिसूळ नव्या वाहिन्या फुटतात व रक्तस्राव होतो. सोबत इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ व एमसीपी-१ यांचेही प्रमाण वाढते. पुढे टीजीएफ-बीटा व सीटीजीएफ यांच्या प्रेरणेने तंतुनिर्मिती सुरू होते.

२) दृष्टिपटल सुटल्यानंतरची : दृष्टिपटलाला छिद्र पडून ते सुटले की त्याखालील रंगद्रव्ययुक्त पेशी छिद्रातून नेत्रद्रवात येतात. टीजीएफ-बीटा, पीडीजीएफ, इंटरल्यूकिन-६ आदींच्या संपर्काने त्या स्वरूप बदलून तंतू निर्माण करू लागतात. अशा सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत ही अवस्था उद्भवते. यशस्वी शस्त्रकर्मानंतर पुन्हा दृष्टिपटल सुटण्याचे हे प्रमुख कारण होय.

चिकित्सेतील पेच

एकच द्रव्य रोखल्याने प्रश्न सुटत नाही. व्हीईजीएफ-विरोधी औषध नेत्रात टोचल्यावर नव्या वाहिन्या मावळतात. परंतु तंतुमय पडदा आधीपासूनच असेल, तर तो काही रुग्णांत वेगाने आकसून दृष्टिपटल ओढतो. दुसऱ्या प्रकारात स्टेरॉइड व मेथोट्रेक्सेट यांचे प्रयोग झाले. तथापि सर्वमान्य प्रतिबंधक औषध अद्याप हाती आलेले नाही. पडदा तयार झाल्यावर तो शस्त्रकर्मानेच काढावा लागतो.

आमची दृष्टी

सायटोकाइन्स म्हणजे अमुक दोष, असे समीकरण मांडणे सोपे आहे. ते शास्त्रीय मात्र नाही. तिमिर, काच, लिंगनाश हा क्रम सांगताना सुश्रुताचार्यांनी व्याधी एका पटलातून दुसऱ्या पटलात उत्तरोत्तर कसा गंभीर होतो, हे दाखविले आहे. त्यातून अवस्थाज्ञानाचा बोध घ्यावा. हरिद्रेतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत शोथसंदेश मंदावते. परंतु तोंडाने घेतल्यास त्याचे शोषण अत्यल्प होते. म्हणून हरिद्रेने अथवा त्रिफळाघृताने दृष्टिपटलावरील व्रणवस्तू विरघळते, असे रुग्णास सांगणे योग्य नव्हे.

वैद्यांचे व औषधविक्रेत्यांचे कर्तव्य

• प्रौढ मधुमेही रुग्णाची नेत्रपरीक्षा निदान होताच व त्यानंतर प्रतिवर्षी बाहुली विस्फारून करवून घ्यावी. दृष्टी स्वच्छ आहे, एवढ्यावर विसंबू नये. आरंभी कोणतेही लक्षण नसते.

• प्रमेहचिकित्सा, आहारनियमन, रक्तदाब व रक्तशर्करेचे नियंत्रण हे आपले खरे कार्यक्षेत्र होय. विकृतीचे बीज तेथेच रोखता येते.

• डोळ्यांपुढे अकस्मात काळे ठिपके वा जाळे दिसणे, प्रकाश चमकणे, एका बाजूने पडदा आल्यासारखे वाटणे, ही लक्षणे असल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. तर्पण, नस्य यांत दिवस घालवू नयेत.

• अंधत्व, मोतीबिंदू व मधुमेह हे विकार १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याच्या परिशिष्टात समाविष्ट आहेत, हे औषधालय चालविणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

वेळेवर केलेल्या लेसर चिकित्सेने मधुमेहजन्य तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे १९७० च्या दशकातच सिद्ध झाले आहे. व्रणवस्तू आकसण्यापूर्वी रुग्ण योग्य ठिकाणी पोहोचला, तर त्याच्या दृष्टिरक्षणात आपलाही वाटा राहील.