वणीहून, नागलीच्या पिठासोबत

वणी, जि. नाशिक

चि. ओंकार,

कोजागरी उलटली, सप्तशृंगीच्या गडावर कावडी घेऊन गेलेली माणसं परतली, वणीतली गर्दी ओसरली, म्हणून आज निवांत लिहायला बसले. तुझ्या आईने फोनवर तुझा नवा आहार सांगितला. सकाळी चार अंडी, दुपारी पनीर, रात्री चिकन, भात-भाकरी बंद. आणि पोट साफ होत नाही म्हणून झोपताना इसबगोल! हसूही आलं आणि काळजीही वाटली.

आत्याला अंडी-चिकन खुपतं असं समजू नकोस. खुशाल खा. ताटात त्याच्या जोडीला काहीच नाही, हे मला खुपतं. अंड्यात आणि मांसात चोथा नावालाही नसतो. इसबगोल पाणी धरून ठेवतो, मळ मऊ करतो, ते काम तो चोख करतो. पण मोठ्या आतड्यातले जंतू त्याला फारसं तोंड लावत नाहीत. त्यांना आंबवता येईल असा चोथा लागतो. कांदा-लसणातलं इन्युलिन, कडधान्यांतल्या आपल्याला न पचणाऱ्या साखरा, पेरूतलं पेक्टिन हे त्यांचं जेवण. ते आंबवून जंतू ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः ब्युटिरेटवर जगतात. तेव्हा तुझं पोट इसबगोलाने साफ होईलही, पण आतली मंडळी उपाशीच राहणार.

2015 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 20 आफ्रिकी वंशाचे अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतली 20 माणसं यांची ताटं दोन आठवडे अदलाबदल केली. खेड्यातलं मक्या-कडधान्याचं जेवण मिळताच अमेरिकनांच्या पोटात ब्युटिरेट अडीच पट झालं. उलट खेडुतांचं, मांस आणि तेलकट खाऊन, निम्म्यावर आलं. फक्त दोन आठवड्यांत! तुझा आहार चालू होऊन तीन महिने झाले म्हणे.

आता शाकाहाराचा तोरा मिरवणाऱ्यांचंही सांगते, त्यात मीही आलेच. नवरात्रात मी नऊ दिवस उपास धरते. परवापरवापर्यंत माझा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा आणि दहा वेळा चहा. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. पाचव्या माळेला माझी अवस्था तुझ्यासारखीच व्हायची आणि दोष मात्र मी प्रवासाला द्यायचे. आता राजगिऱ्याचं थालीपीठ, रताळं, पेरू आणि भगरीबरोबर दाण्याची आमटी घेते. देवीने काही तक्रार केलेली नाही. तुमच्या मेसचं शाकाहारी ताटही बघ ना: पांढरा भात, पाण्यासारखं वरण, मैद्याची रोटी. त्यापेक्षा चैत्रात चालत गडावर येणाऱ्या खानदेशी माणसाच्या फडक्यातली कळण्याची भाकरी आणि कांदा कितीतरी सरस. मग तो घरी गेल्यावर मटण खाईना का!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे 3 ग्रॅम चोथा आहे, नागलीत 11, अख्ख्या मुगात 17. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान 25 ग्रॅम घ्या म्हणते. तुझा हिशेब तूच कर, इंजिनिअर आहेस.

आपल्या बाजारात सुरगाण्याकडच्या बाया नागली घेऊन बसतात. परवा एकीने ओंजळभर दाणे माझ्या हातावर ओतले, फुंकर मारून फोलपटं उडवली आणि म्हणाली, ‘बघा, खडा सापडला तर पैसे नका देऊ.’ एक सापडला. पैसे दिलेच. त्याच नागलीचं पीठ पाठवते आहे. भाकरी तुला जमणार नाही, उकड काढून गरम पीठ मळताना हात पोळतात. ताकात कालवून, शिजवून आंबील कर, वरून जिरं आणि लसूण. भात पुन्हा खायला लागलास तर शिळा फेकू नकोस, गार झाल्यावर त्यातला थोडा स्टार्च पचेनासा होतो आणि जंतूंच्या वाट्याला जातो. थोडाच हं, त्याचा डांगोरा नको.

मात्र एकदम वाडगाभर उसळीवर तुटून पडू नकोस. मी हे ज्ञान नवं नवं मिळाल्यावर मटकीची उसळ चापून खाल्ली आणि नाशिकच्या एसटीत बसले. दिंडोरी येईपर्यंत खिडकी उघडी ठेवूनही शेजारची बाई उठून पुढे गेली. जंतूंना सवय व्हायला वेळ लागतो. पहिला आठवडा दोन चमचे मोड आलेले मूग, मग अर्धी वाटी, आणि पाणी भरपूर. महिन्याने फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखव, माझ्या पत्रावर विसंबू नकोस.

पिठाच्या पिशवीत खुरासणीची चटणी आहे, डबा घट्ट लावलाय. रिकामा डबा दिवाळीला येताना आण, मागच्या वेळचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत.

तुझी,
आत्या