सिंथेसायझरची जोडणी व निगा

पनवेल तालुक्यातील ज्या शाळांत परिपाठास पेटीऐवजी सिंथेसायझर वाजविला जातो, तेथील शिक्षकांनी त्याची जोडणी स्वतः करावी. मुलांवर सोपवू नये. भिंतीतील वीज २३० व्होल्टची, वाद्यास मात्र बहुधा ९ किंवा १२ व्होल्ट पुरतात. अ‍ॅडॉप्टरवरील आकडा व धन-ऋण खूण वाद्याशी ताडून पाहावी. टोक बसले म्हणजे जोडणी जुळली, असे नव्हे. आवाज शून्यावर ठेवून आधी वाद्य, मागाहून ध्वनिवर्धक सुरू करावा. बंद करताना क्रम उलटा, अन्यथा धक्क्याने कर्णा बिघडतो. कोकणच्या पावसाळ्यात भिंती ओलावतात, तेव्हा मेज भिंतीपासून दूर असावे व हात कोरडे असावेत. विजा कडाडू लागताच केवळ बटण बंद करून न थांबता अ‍ॅडॉप्टर भिंतीतून काढावा.