पत्रा वाकडा की यंत्र वाकडं?

प्रश्न : घरावरचे जुने कवेलू उतरवून यंदा रंगीत टिनाचे पत्रे टाकायला घेतले. पत्रे नागपूरहून आले. पहिले दोन-तीन नीट बसले, पण पुढे खालचं टोक जुळवलं की मध्ये फट राहते आणि मध्ये दाबलं की टोक सुटतं. मिस्त्री म्हणतात पत्राच वाकडा. दुकानदार म्हणतो तुमचं छप्पर वाकडं. यंत्रातून निघालेला पत्रा वाकडा असू शकतो का?
— एक वाचक, हेमलकसा

उत्तर : असू शकतो. पण आधी दुकानदाराचं म्हणणं तपासून घ्या, ते लवकर होतं. छपराच्या सांगाड्याचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. सारखे भरले तर छप्पर गुण्यात आहे आणि ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ हा टोमणा मिस्त्रींना लागू होत नाही.

मग चार-पाच पत्रे सपाट जागेवर पसरा, सगळ्यांची जोडाची बाजू एकाच दिशेला ठेवा. प्रत्येकाच्या त्याच उंचवट्यालगत या टोकापासून त्या टोकापर्यंत लाइनदोरी ताणून धरा. दोरीपासून पत्रा कुठे आणि किती सुटतो, ते खडूने लिहा. प्रत्येक पत्रा वेगळ्या जागी वाकलेला असेल, तर दोष वाहतुकीचा. आलापल्लीनंतरच्या जंगलातल्या रस्त्यावर, मध्येच करकचून दोर आवळलेल्या गठ्ठ्याचं काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण सगळे पत्रे एकाच बाजूला, जवळपास सारखेच वाकत असतील, तर वाक कारखान्यातून आला आहे. खड्डा एकच चूक पुन्हा पुन्हा करत नाही, यंत्र करतं.

आता ते कसं, ते पाहू. नागपूरजवळ कळमेश्वरला जेएसडब्ल्यूचा रंगीत पत्र्याचा कारखाना आहे. अशा कारखान्यांतून सपाट पत्र्याची गुंडाळी, म्हणजे कॉइल, निघते. तिला नाळ्या पाडण्याचं काम रोल फॉर्मिंग यंत्रावर होतं. ती यंत्रं बहुधा लहान कारखानदारांकडे असतात. एका रांगेत पंधरा-वीस स्टँड, प्रत्येकात वर एक आणि खाली एक असे रोल बसवलेले शाफ्ट. प्रत्येक जोडी पत्र्याला थोडी थोडी घडी देते. एकदम वाकवला तर रंग फुटेल, पत्रा सुरकुतेल.

ही सगळी रांग एका रेषेत हवी आणि वरच्या-खालच्या रोलमधली फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यासाठी मोटारीकडच्या बाजूला फट बरोबर आहे आणि कामगाराकडच्या बाजूला ती थोडी कमी आहे, असं समजा. त्या बाजूचा पत्रा दाबला जातो, किंचित पातळ होतो आणि लांबतो. एक कड लांब, दुसरी आखूड; पत्रा आखूड बाजूकडे वळणारच. सहा मीटर लांब आणि एक मीटर रुंद पत्र्याची एक कड फक्त पाच मिलिमीटर जास्त लांबली, तरी मध्यावर तो दोरीपासून जवळजवळ चार मिलिमीटर सुटतो. डोळ्याला हे दिसत नाही, जोडाला दिसतं.

जाणता फिटर यंत्राला हात लावण्याआधी कॉइल तपासतो. यंत्रात न घालता सपाट पत्र्याचा लांब तुकडा कापून जमिनीवर दोरीला लावायचा. तोच वाकडा असेल, तर यंत्र निर्दोष. त्यानंतर तोंडाशी असलेल्या मार्गदर्शक पट्ट्या पाहायच्या. पत्रा तिरपा आत शिरला, तर पुढचे वीस स्टँड त्याला सरळ करू शकत नाहीत. मग यंत्राचा पाया लेव्हलमध्ये आहे का, ते पाहायचं. खालच्या शाफ्टवरचे रोल सगळ्या स्टँडमध्ये एका रेषेत आहेत का, ते पहिल्या स्टँडपासून शेवटच्यापर्यंत बारीक तार ताणून कळतं. शेवटी फीलर गेजने दोन्ही बाजूंची फट मोजायची. गेज पोचत नसेल तिथे मऊ सोल्डरची तार दोन्ही बाजूंनी रोलमधून काढायची आणि दबलेली जाडी मायक्रोमीटरने मोजायची. ही युक्ती मला फार आवडते, कारण ती रोल फिरत असतानाची खरी फट सांगते. झिजलेलं बेअरिंग थांबलेल्या यंत्रात शहाण्यासारखं वागतं.

घाईत असलेले कामगार मात्र शेवटच्या स्टँडनंतरचे पत्रा सरळ करायचे रोल आवळून वाक मोडतात. ही मलमपट्टी झाली. ताण पत्र्यातच राहतो आणि पत्र्याला पीळ बसतो. दुसरी वाईट सवय म्हणजे सैल बाजूही आवळून टाकायची. मग दोन्हीकडे रंग घासला जातो. एखाद्या उंचवट्यावर लांबच लांब चकचकीत ओरखडा दिसला, तर घट्ट बाजू तीच, असं समजायला हरकत नाही. तुमच्याकडच्या पावसात गंज तिथूनच सुरू होईल, म्हणून वाक चालवून घेतला तरी ओरखडा चालवून घेऊ नका.

एक अपवाद लक्षात ठेवा. पत्रा सरळ आहे, पण कापलेल्या टोकाकडचा वीतभर भागच पसरला आहे, असं दिसलं तर ते रेषेचं दुखणं नाही. कापल्यावर आतला ताण सुटतो आणि टोक उघडतं. ते जोडावर स्क्रू मारून बसतं.

वाक दोन-तीन मिलिमीटरचा असेल, तर जोडात ब्यूटाइल टेप घालून, उंचवट्यावर जवळ जवळ स्क्रू मारून काम भागवता येईल. त्याहून जास्त असेल, तर पत्रा ओढूनताणून बसवू नका. उन्हात तापला की भोकं लांबट होतात आणि पाणी तिथूनच उतरतं. दोरी लावलेल्या पत्र्यांचे आणि मागच्या बाजूला छापलेल्या मजकुराचे फोटो काढून बिलासह दुकानदाराला पाठवा. भोक पाडलेला पत्रा कोणी परत घेत नाही. तेव्हा निकाल लागेपर्यंत उरलेल्या पत्र्यांवर मिस्त्रींना ड्रिल चालवू देऊ नका, आणि पर्लकोटा नदीला पूर येण्याआधी बदली माल मागवून घ्या.