वाराणसीत तरणतलाव बांधताय? आधी सावलीचं कोटेशन मागा

वाराणसी म्हणजे वाळवंट नव्हे, गंगा दारात आहे. पण एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत पश्चिमेकडून जी लू, म्हणजे उष्ण कोरडी झळ, सुटते, ती गंगेला जुमानत नाही. तुमची सोसायटी, शाळा किंवा ट्रस्ट इथे तलाव बांधणार असेल, तर आराखडा वाळवंटातल्यासारखाच करून घ्या. ठेकेदार खोदाई, काँक्रीट आणि टाइल्सचा भाव देतो. तुम्हाला गाळात घालणारा खर्च त्या कागदावर नसतोच.

आधी माप. 25 मीटर लांब, 12.5 मीटर रुंद, खोली 0.9 ते 1.5 मीटर, एवढा तलाव पुरतो. सूर मारायला खोल बाजू हवी म्हणणारे प्रत्येक सभेत दोघं-तिघं निघतात, त्यांना नाही म्हणा. यात साधारण पावणेचार लाख लिटर पाणी मावतं. मे महिन्यात उघड्या तलावाची पातळी रोज 8 ते 10 मिलिमीटर उतरली, तर अडीच ते तीन हजार लिटर नुसतं उडून गेलं. महिन्याचे 5,000 लिटरचे 15 ते 19 टँकर झाले. टँकर 600 रुपयांना धरलात तरी दहा हजारांच्या आसपास गेले, तेही कुणी पाण्यात न उतरता.

म्हणून पहिला पैसा सावलीवर. पश्चिमेला उंच भिंत किंवा जाळीची भिंत घाला, लू तिथेच अडते. वर शेड किंवा चांगल्या प्रतीची शेडनेट. बंद एसी हॉलच्या मोहात पडू नका. आतली दमट हवा बाहेर काढायची यंत्रणा वीजबिलावर कायमची बसते. अस्सी घाटाजवळचं लोलार्क कुंड एकदा बघून या: खोल, अरुंद, आणि पाण्यापर्यंत पायऱ्या. ऊन तळाशी पोचायला वेळ लागतो. तेवढं खोल तुम्ही खणणार नाही, पण मुद्दा तोच. रात्री पाण्यावर कव्हर ओढायचंच. ओढणारा माणूसही हिशेबात धरा, नाहीतर कव्हर वर्षभर कोपऱ्यात गुंडाळलेलं दिसेल. काठाला कडुनिंब नको, वसंतात पानगळ थेट फिल्टरमध्ये येते.

काठाच्या फरशीत फसवणूक ठरलेली. गर्द रंगाची कोटा फरशी स्वस्तात सुचवतात. दुपारी दोनला तिच्यावर अनवाणी उभं राहून दाखवा म्हणावं. फिक्या रंगाचा, खरबरीत चुनारचा दगड घ्या. कमी तापतो, घसरत नाही.

ऊन पाणी पितं तसं क्लोरीनही खातं. क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं सायन्युरिक ॲसिड नसलेल्या तलावात भर उन्हात काही तासांत बहुतेक क्लोरीन संपतं. रोजची तपासणी स्वतः करायला शिका: मोकळं क्लोरीन 1 ते 3 पीपीएम, पीएच 7.2 ते 7.8. पातळ हायपोक्लोराइट गरमीत जोर गमावतं, साठा पंधरवड्यापुरताच घ्या. क्लोरीनच्या टीसीसीए गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका कपाटात कधीच ठेवू नका. दोन्ही एकत्र आल्या तर आग लागू शकते.

वीज: 7.5 किलोवॉटचा पंप दिवसाला 12 तास चालला तर 90 युनिट. युनिटला 8 रुपये धरा, महिन्याला 21,600. त्यावर मंजूर भाराचा स्थिर आकार वेगळा, आणि तो डिसेंबर-जानेवारीत धुक्यात तलाव बंद असला तरी येतो. फी सहा-सात महिन्यांची, खर्च बारा महिन्यांचा. फिल्टर उलटा धुताना पाच मिनिटांत टँकरभर पाणी गटारात जातं. ते बागेकडे वळवायचं असेल तर जोडणी आत्ताच मागा.

कागद: जमिनीची रजिस्ट्री किंवा खतौनी (जमिनीचा उतारा), संस्थेचा ठराव, वाराणसी विकास प्राधिकरणाची नकाशा मंजुरी, बोअर असेल तर उत्तर प्रदेशच्या 2019च्या भूजल कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी, आणि तलाव सुरू करण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयाचं ना-हरकत पत्र. जीवरक्षक दोन्ही पाळ्यांत लागतो, एकाच माणसाला सकाळ-संध्याकाळ राबवायचं नाही. गंगाकाठाच्या 200 मीटरच्या पट्ट्यात जागा असेल तर नकाशावर पैसे घालू नका. ‘सगळं करून देतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका. पावती तुमच्या संस्थेच्या नावाची हवी.

कोटेशन वाचताना ‘टॅक्स एक्स्ट्रा’ शोधा. 18 टक्के जीएसटी धरला की 50 लाखांचे 59 लाख होतात. वरुणा नदी किंवा अस्सी नाल्याच्या सखल भागात असाल तर तळाला दाब सोडणारा व्हॉल्व्ह लिहून घ्या. पुराच्या दिवसांत जमिनीखालचं पाणी चढतं आणि रिकामा तलाव अख्खा वर उचलला जाऊ शकतो. त्यामुळे पावसाळ्यात तो रिकामा करायचाच नाही.

काम ऑक्टोबरात सुरू करा, एप्रिलआधी पाणी भरेल. शेवटचे 10 टक्के मात्र हातात ठेवा. तलाव भरल्यावर पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, आत आणि बाहेर खडूने पातळी आखा, 24 तासांनी बघा. दोन्ही सारख्या उतरल्या तर ते ऊन. तलाव जास्त उतरला तर गळती. मग धनादेशावर सही नको.